मार्था ब्राउनची फाशी आणि तेरेखोलचे दोन काठ

तेरेखोलची नदी फार मोठी नाही. सह्याद्रीच्या उतारावरून निघून, सावंतवाडीच्या मुलुखातून वाट काढीत ती पेडणे महालाच्या उत्तर सीमेने वाहते आणि किल्ल्याच्या पायथ्याशी सागराला मिळते. किरणपाणीला होडीत बसावे आणि आरोंद्याला उतरावे, एवढेच तिचे अंतर. दोन्ही काठांवर भाषा एक, देवदैवते एक, आणि सोयरिकीही एकमेकांत गुंतलेल्या. पेडण्याची लेक पलीकडे सून म्हणून जावी आणि पलीकडची माहेरवाशीण पेडण्यात नांदावी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. डिचोली महाल आणि वाडी संस्थान यांच्या सीमेवरही हेच चित्र होते.

परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे पाणी ओलांडताच माणसाच्या डोक्यावरचा कायदा बदलत असे. अलीकडचा पेडणे महाल पोर्तुगीजांचा. पलीकडे वाडीचे संस्थान आणि त्याला लागून इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यातला वेंगुर्ले तालुका. १ जुलै १८६७ च्या कायद्याने पोर्तुगालने मुलकी गुन्ह्यांसाठी असलेली देहदंडाची शिक्षा रद्द केली आणि ९ जून १८७० च्या हुकुमाने हीच तरतूद सागरापलीकडील प्रांतांना लागू झाली. लष्करी गुन्हे वगळता गोव्यातला फास त्या दिवशी कायद्याने उतरला. वेंगुर्ल्यात मात्र १८६० सालची भारतीय दंडसंहिता चालत होती आणि तिचे तीनशे दोन हे कलम खुनाला मृत्यू किंवा जन्माचे काळे पाणी फर्मावीत होते. एकच कृत्य, एकच भाषा बोलणारा आरोपी. पण नदीच्या एका काठावर त्याचा जीव सुरक्षित, दुसऱ्या काठावर टांगणीला.

ह्या तफावतीची सर्वांत अवघड कसोटी कोणत्या गुन्ह्यात लागते, असा विचार केला तर उत्तर एकच येते: पत्नीने केलेला पतीचा वध. चोर-दरोडेखोराच्या खुनाविषयी समाजाला फारसे बुचकळ्यात पडावे लागत नाही. पण घराच्या चार भिंतींत, ज्याला समाजाने देव मानायला शिकवले त्याच्यावरच स्त्रीने हात उचलला, की कायदा, धर्म आणि लोकमत ही तिन्ही एकदम खडबडून उठतात. अशा वेळी न्यायालय नेमके काय पाहते आणि काय पाहत नाही, हे समजून घेण्यासाठी प्रथम इंग्लंडकडे वळावे लागते. वेंगुर्ल्याच्या कचेरीतल्या कायद्याची मुळे त्या भूमीत होती, आणि ह्या प्रश्नाची सारी बाजू उघडी करून दाखवणारे एक प्रकरणही तेथेच घडले.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात पतीचा खून हा साधा खून नव्हताच. १३५१ साली तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळी झालेल्या कायद्याने त्याला राजद्रोहाच्याच एका धाकट्या प्रकारात बसवले होते. प्रजेने राजाला मारणे हा मोठा द्रोह. सेवकाने धन्याला आणि बायकोने नवऱ्याला मारणे हा धाकटा. घर म्हणजे छोटे राज्य आणि नवरा म्हणजे त्यातला राजा, अशी ही कल्पना. तिचा परिणाम शिक्षेतही दिसे. नवऱ्याने बायकोला मारले तर तो खून आणि त्याला फाशी. बायकोने नवऱ्याला मारले तर तो द्रोह आणि तिला जाळणे. स्त्रियांना जाळण्याची ही शिक्षा १७९० साली बंद झाली आणि ‘धाकटा राजद्रोह’ हा स्वतंत्र गुन्हा १८२८ साली कायद्याच्या पुस्तकातून गेला. पुस्तकातून गेलेली गोष्ट मनातूनही त्याच दिवशी जाते असे नाही. पुढील प्रकरण त्यानंतर अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी घडले.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डॉर्सेट नावाचा परगणा आहे. शेती, मेंढपाळी आणि छोटी छोटी खेडी यांचा हा प्रदेश. तेथील बर्ड्‌स्मूरगेट नावाच्या वाडीत एलिझाबेथ मार्था ब्राउन आपल्या पतीसह राहत होती. पूर्वी तिचे एक लग्न झालेले होते आणि पहिला नवरा वारला होता. चाकरी करीत असताना तिची जॉन अँथनी ब्राउन ह्या तरुणाशी ओळख झाली आणि दोघांनी लग्न केले. तो तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान होता. तिने साठवलेल्या पैशांवर त्याचा डोळा होता, असे गावात बोलले जाई. तो घोडागाडीने मालाची ने-आण करी. लग्नाला फार काळ लोटला नव्हता तोच शेजारच्या एका स्त्रीशी त्याचे संबंध जडले आणि घरात भांडणे सुरू झाली.

जुलै १८५६ मधील एका रात्री, पहाट व्हायच्या आधी, मार्थाने शेजारच्या नातलगाला हाक मारून बोलावले. नवरा डोके फुटलेल्या अवस्थेत मरून पडला होता. घोड्याने लाथ मारली, तो कसाबसा दारापर्यंत आला, असे तिने सांगितले. पण जखमा एकीहून अधिक होत्या आणि डॉक्टरांना त्या घोड्याच्या टापेच्या वाटल्या नाहीत. बाहेर दारापर्यंत रक्ताचा माग नव्हता. तिच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला आणि त्याच महिन्यात डॉर्चेस्टरच्या न्यायालयात खटला उभा राहिला. आपल्या घोड्याच्या गोष्टीवर ती शेवटपर्यंत ठाम राहिली. पंचांनी तिला दोषी ठरवले आणि न्यायाधीशाने देहदंड सुनावला.

फाशीला थोडेच दिवस उरले असताना तुरुंगात तिने खरी हकीकत सांगितली. त्या रात्री नवरा उशिरा, दारू पिऊन घरी आला. त्या दुसऱ्या स्त्रीवरून बोलाचाली झाली. त्याने तिला घोड्याच्या चाबकाने मारले आणि लाथही घातली. पुढे तो बुटांचे बंद सोडण्यासाठी खाली वाकला असता, कोळसा फोडायची कुऱ्हाड जवळच होती ती उचलून तिने त्याच्या डोक्यात घातली. एकदा हात उठल्यावर किती वार झाले याचे भान तिला राहिले नाही. ही हकीकत बाहेर आल्यावर तिच्यासाठी दयेचे अर्ज झाले, पण गृहमंत्र्यांनी शिक्षा बदलली नाही.

ही हकीकत तिने न्यायालयातच का सांगितली नाही, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला. छळाने व चिथावणीने हात उठला असे पंचांपुढे आले असते तर कदाचित तिचा जीव वाचला असता, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यात तथ्य असेल. पण त्या काळची एक वस्तुस्थिती विसरून चालणार नाही. आरोपीने स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष द्यावी हा हक्क इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे मिळाला तो १८९८ साली. १८५६ च्या त्या न्यायालयात डॉक्टर बोलले, शेजारी बोलले, वकील बोलले. जिच्या जिवाचा निवाडा व्हायचा होता तिला शपथेवर बोलण्याची सोयच नव्हती. नवऱ्याने चाबूक उचलला तेव्हा चार भिंतींखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता, आणि भिंतींची साक्ष कोणतेही न्यायालय नोंदवीत नाही.

आणखी एक प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. ह्या नवऱ्याशी पटत नव्हते, तर ती त्याला सोडून का गेली नाही? आजच्या वाचकाला सहज सुचणारा हा प्रश्न १८५६ साली निरर्थक होता. घटस्फोट हवा असेल तर इंग्लंडमध्ये त्या वेळी पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. तो श्रीमंतांचा मार्ग होता, आणि तेथपर्यंत जाऊन यशस्वी झालेल्या स्त्रिया साऱ्या काळात मिळून चारच. विवाहित स्त्रीची मिळकत नवऱ्याची. तिची मजुरीही त्याचीच. घटस्फोटाचा कायदा झाला तो १८५७ मध्ये, मार्थाच्या मृत्यूला जेमतेम एक वर्ष होत असताना. त्यातही पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. घराचे दार बाहेरून बंद करून घेतल्यावर आत काय घडते, याची चौकशी त्या कायद्याला कधी करावीशी वाटली नाही.

९ ऑगस्ट १८५६ रोजी सकाळी डॉर्चेस्टरच्या तुरुंगाच्या दारापाशी मार्थाला जाहीरपणे फाशी देण्यात आले. पाऊस झिमझिमत होता. तरीही तीन-चार हजारांचा जमाव लोटला होता. ती निश्चलपणे पायऱ्या चढून गेली, असे वृत्तान्त सांगतात. विल्यम कॅलक्राफ्ट हा त्या काळचा प्रसिद्ध फाशी देणारा. सर्व सिद्धता करून तो खाली उतरू लागला आणि तिचा पायघोळ झगा उडू नये म्हणून बांधायचा राहिला हे आठवून पुन्हा वर गेला. मरणाऱ्या स्त्रीची अब्रू राखण्याची ही काळजी! डॉर्सेटमध्ये जाहीरपणे फाशी गेलेली ती शेवटची स्त्री. पुढे १८६८ साली इंग्लंडने जाहीर फाशीच बंद केली.

त्या गर्दीत सोळा वर्षांचा एक मुलगा उभा होता. तो डॉर्चेस्टरमधील एका वास्तुशिल्पज्ञाकडे उमेदवारी करीत होता. त्याचे नाव टॉमस हार्डी. काळ्या रेशमी वस्त्रातली ती आकृती, पावसाने ओले होऊन चेहऱ्याला चिकटलेले ते आवरण, हे दृश्य त्याच्या मनातून आयुष्यभर गेले नाही. वयाची पंचाऐंशी उलटल्यावर लिहिलेल्या एका पत्रातही त्याने ह्या प्रसंगाची आठवण काढली आणि आपण ते पाहायला गेलो याची खंत बोलून दाखवली. १८९१ साली त्याची ‘टेस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. टेसची कथा मार्थाची नव्हे. टेस ज्याला मारते तो तिचा नवरा नसून तिचे आयुष्य नासवणारा पुरुष आहे. पण कादंबरीच्या शेवटी तीही फासावर जाते, आणि तिच्या नावाखाली हार्डीने ‘एक शुद्ध स्त्री’ असे उपशीर्षक दिले. न्यायालयाने ज्या स्त्रीला केवळ खुनी म्हटले असते तिला लेखकाने शुद्ध म्हटले, यावरून इंग्लंडमध्ये त्या वेळी गदारोळ उठला. आपल्या महाविद्यालयांतील इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासली. तिच्या मुळाशी असलेला हा पावसाळी सकाळचा प्रसंग मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो.

इंग्लंडचा हाच कायदाविचार, थोडा घासूनपुसून, हिंदुस्थानात आला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली १८३७ साली मसुदा तयार झाला, १८६० साली कायदा संमत झाला आणि १८६२ च्या प्रारंभापासून तो अमलात आला. ह्या संहितेत धाकट्या राजद्रोहाचा मागमूस नव्हता. पती मारला काय, पत्नी मारली काय, कलम एकच. ही मोठीच सुधारणा होती. तीव्र आणि आकस्मिक चिथावणीने भान सुटून झालेला वध हा खून नव्हे, असा अपवादही तीत होता. पण ‘आकस्मिक’ हा शब्द पुरुषाच्या रागावरून बेतलेला आहे. पुरुषाचा राग भडकतो आणि त्याच क्षणी हात चालतो. वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या, अंगबळाने दुबळ्या स्त्रीचा राग साचत जातो, आणि समोरचा निजलेला किंवा वाकलेला असतानाच तिला संधी मिळते. कायद्याच्या डोळ्यांनी पाहिले तर पहिला भान सुटलेला आणि दुसरी थंड डोक्याची. शिवाय १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे, देहदंडास पात्र गुन्ह्यात त्याहून कमी शिक्षा द्यायची तर न्यायाधीशाला कारणे नोंदवावी लागत. फाशी हा नियम आणि जीवदान हा अपवाद. ही अट १९५५ च्या दुरुस्तीने गेली.

मराठी मुलुखात ह्या कायद्याची आणि स्त्रीची गाठ पडली ती एका वेगळ्या गुन्ह्यात. पण प्रश्न तोच होता. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुंबई इलाख्यातील सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात अपत्याच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुनर्विवाह निषिद्ध, गर्भ राहिला तर बहिष्कार, आणि गर्भाला कारण झालेला पुरुष मोकळा. वरच्या न्यायालयात फाशीऐवजी काळे पाणी आणि पुढे पाच वर्षांची शिक्षा, असा तिच्या शिक्षेचा शेवट झाला. ती फासावर गेली नाही. पण ह्या निमित्ताने मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या अधःपाताची जी चर्चा रंगली, तीत त्या बालकाच्या पित्याविषयी चकार शब्द कोणी काढला नाही.

बुलढाण्याला राहणाऱ्या एका बाईंना हे सहन झाले नाही. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंनी लेखणी उचलली आणि १८८२ साली पुण्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापून आणले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या अंगी म्हणून जे जे दुर्गुण सांगितले जातात ते ते पुरुषांच्या अंगी त्याहून अधिक कसे आहेत, हे त्यांनी एकेक घेऊन दाखवले. विधवेच्या पापाचा जाब विचारणाऱ्यांना त्यांनी उलट जाब विचारला: तिच्यापुढे सरळ जगण्याचा मार्ग तुम्ही ठेवला होता काय? पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुले यांनी १८८५ मधील ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. फुले दांपत्याने १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून ह्याच प्रश्नाला कृतीने उत्तर दिले होते. शिक्षा कितीही कडक केली तरी दार उघडल्यावाचून हत्या थांबत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

ते दार किती घट्ट बंद होते हे पुढच्याच काही वर्षांत रखमाबाईंच्या खटल्याने दाखवून दिले. वयाच्या अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे म्हणून रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जाण्याचे नाकारले. १८८४ साली पतीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला, परंतु अपिलात तो फिरला आणि १८८७ च्या मार्चमध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोग. तिने कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी शेकडो स्त्रियांची सेवा केली. त्यांच्यामागे शिक्षण होते, घरचा आधार होता, वृत्तपत्रांत लिहिणारी लेखणी होती. ज्यांच्यामागे ह्यातले काहीच नव्हते त्यांनी काय करावे? अनेक जातींत काडीमोड आणि पाट यांची रूढी होती. तेथे स्त्रीला वाट होती. पण ज्या जाती स्वतःला वरच्या मानीत त्यांनी ह्या रूढीला कमीपणा मानला आणि आपल्या मुलींची ती वाट बंद केली. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळू लागला तो १९४७ च्या कायद्याने, आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने.

आता तेरेखोलच्या अलीकडच्या काठावर परत यावे. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल १७८१ ते १७८८ ह्या काळात पोर्तुगीजांच्या हाती आले आणि नव्या काबिजादींत मोडू लागले. येथील हिंदूंच्या रीतिरिवाजांत हात घालणार नाही असे आश्वासन सरकारने दिले होते. त्याप्रमाणे १८५३ साली नव्या काबिजादींच्या चालीरीतींची संहिता झाली आणि १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या रूढींविषयीचा हुकूम निघाला. फौजदारी कायदा मात्र सर्वांना एकच होता, आणि १८७० नंतर त्यात फाशी नव्हती. खुनाच्या गुन्हेगाराला दीर्घ कैद किंवा देशांतर. हद्दपार माणसांना मोझांबिक, तिमोर अशा दूरच्या वसाहतींत नेऊन सोडत. घरदार, मुलेबाळे, माती यांपासून कायमचे तुटणे हा दंड काही हलका नव्हता. तरीही जीव राहिला की निकालातली चूक सुधारण्याची शक्यता राहते, आणि जी हकीकत आज सांगता आली नाही ती उद्या सांगण्याला अवधी मिळतो. मार्था ब्राउनला हकीकत सांगायला अवधी मिळाला तो मोजक्या दिवसांचा.

म्हणून गोव्याचा कायदा स्त्रीच्या बाबतीत न्यायी होता काय? येथे थोडे थबकावे लागते. १८८६ च्या पोर्तुगीज दंडसंहितेचे तीनशे बहात्तरावे कलम पाहावे. पत्नीला व्यभिचार करताना प्रत्यक्ष पाहून पतीने तिला किंवा तिच्या जाराला ठार केले, तर त्याला शिक्षा कोणती? सहा महिने आपल्या कोमार्कीबाहेर राहायचे, एवढीच! हीच सवलत पत्नीलाही कागदोपत्री होती. पण पतीने ती दुसरी स्त्री आपल्याच घरात आणून ठेवलेली असेल तरच. म्हणजे नवऱ्याचे बाहेरचे वागणे कायद्याला दिसतच नव्हते. त्यातून हिंदू पुरुषाला १८८० च्या हुकुमानुसार ठरावीक परिस्थितीत, जसे की संतती नसल्यास, दुसरी पत्नी करता येत असे. पत्नीला असा पर्याय असण्याचा प्रश्नच नव्हता. फास उतरला होता, पण तराजूची दांडी सरळ झाली नव्हती. पुरुषाच्या संतापाला सहा महिन्यांचे अंतर आणि स्त्रीच्या संतापाला सागरापलीकडचे, असा हा हिशेब होता.

दाराच्या बाबतीत मात्र गोव्याने एक पाऊल आधी टाकले. १९१० साली पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा झाला. पती व पत्नी यांना सारख्याच कारणांवरून फारकत मागता येईल, हे त्याचे वैशिष्ट्य. हा कायदा गोव्यातही आला. लोकलज्जा, दारिद्र्य आणि कोर्टाची पोर्तुगीज भाषा ह्या तीन भिंती ओलांडून पेडण्या-डिचोलीच्या खेड्यातील स्त्रीने तो वापरावा हे सोपे नव्हते. तरी कायद्याच्या भिंतीत निदान एक दार खोदले गेले होते.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६३ मध्ये भारतीय दंडसंहिता येथे लागू झाली. तीनशे बहात्तराचे ते लाजिरवाणे कलम गेले ही चांगलीच गोष्ट. पण १८७० साली उतरलेला फास तीनशे दोनाबरोबर कायद्याच्या पुस्तकात परत आला. आता तेरेखोलच्या दोन्ही काठांवर एकच कायदा झाला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे; खुनाला मृत्युदंडाची तरतूद तीतही आहे.

मार्थाच्या देशाने तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला एकशे छत्तीस वर्षे घेतली, आणि ते उत्तर मिळवले एका भारतीय स्त्रीने. किरणजीत अहलुवालिया ही मूळची पंजाबची, लग्नानंतर इंग्लंडला गेलेली स्त्री. दहा वर्षे नवऱ्याचा मार आणि छळ सोसल्यावर १९८९ साली एका रात्री तिने तो निजलेला असताना त्याला पेटवून दिले. तिला जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ह्या संघटनेने तिचा प्रश्न हाती घेतला. १९९२ साली अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. तिच्या मनावर छळाचा झालेला परिणाम विचारात घेऊन खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरण्यात आला आणि तोपर्यंत भोगलेली कैद पुरेशी मानून तिची सुटका झाली. चिथावणी आणि कृती यांत काळ गेला एवढ्यावरून भान सुटले नव्हते असे म्हणता येत नाही, हे त्या निमित्ताने मान्य झाले. मार्थाच्या पंचांनी हे ऐकले असते तर! पण इंग्लंडमध्ये तोपर्यंत खुनासाठी फाशीच उरली नव्हती, म्हणूनच किरणजीतला हे ऐकवायला वेळ मिळाला.

ह्या साऱ्यातून पतिहत्येचे समर्थन निघत नाही आणि निघूही नये. जॉन ब्राउन वाईट नवरा असेल. पण तोही जगू पाहणारा एक माणूस होता आणि कुऱ्हाडीच्या घावांनी मेला. प्रश्न त्याच्या मृत्यूच्या मोलाचा नाही. ज्या समाजाने स्त्रीला लग्नातून बाहेर पडायला दार ठेवले नाही आणि न्यायालयात बोलायला तोंड ठेवले नाही, त्याला तिचा जीव घेण्याचा अधिकार कुठून आला, हा प्रश्न आहे. फाशीचा दोर तोडल्याने तो सुटत नाही, हे गोव्याच्या १८८६ च्या संहितेने दाखवले. दोर तोडायला हवा आणि दारही उघडायला हवे. ही दोन्ही कामे झाली तरच न्याय पुरा होतो.

मार्थाचा खटला डॉर्चेस्टरच्या न्यायालयात एका दिवसात संपला. विजयालक्ष्मीची बाजू न्यायालयाबाहेर एकाच पुस्तकाने मांडली, आणि तेही विस्मृतीत गेले. ‘स्त्रीपुरुषतुलना’ त्र्याण्णव वर्षे जवळजवळ कोणाच्या आठवणीत नव्हते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी वाचकाला कळले की आपल्या भाषेत हा जाब इतक्या आधी आणि इतक्या निर्भयपणे विचारला गेला होता. पाचशे प्रतींपैकी एखादी कोणीतरी जपून ठेवली म्हणून हे घडले. ग्रंथालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे कोणी न मागितलेली पुस्तके असतात. धूळ झटकून ती पुन्हा जागेवर लावून ठेवणाऱ्याला ते काम कधी व्यर्थ वाटू नये. कोणत्या पुस्तकात कोणाची साक्ष नोंदवायची राहून गेली आहे, हे ते उघडल्यावाचून कळत नाही.